चौथ्या स्टेजचा कॅन्सर: डॉक्टरांचा निर्णय नीट व्हावा म्हणून घरच्यांनी काय करावं?

मखमलाबादकर

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये कोणतं हॉस्पिटल चांगलं, कोणते डॉक्टर देवमाणूस, यासाठी हा धागा नाही. त्यावर इथे भरपूर लिहून झालंय. मला वेगळंच विचारायचंय. कॅन्सर पसरलेला आहे, पूर्ण बरा होणार नाही हे कळून चुकलंय, आणि आता काय द्यायचं, किती द्यायचं, कुठे थांबायचं हे डॉक्टरांना ठरवायचंय. तो निर्णय चांगला व्हावा म्हणून घरचे काही करू शकतात का? माझ्या मते बरंच काही करू शकतात. पण बहुतेक घरांत होतं उलटंच: डॉक्टरांवर एक तर आंधळा विश्वास, नाहीतर सरसकट संशय. त्यांच्या हातात उपयोगी माहिती मात्र कोणीच देत नाही.

माझी मावशी सिडकोत राहते. तंबाखू, मशेरी कशालाच कधी हात लावला नाही. तिला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, तोही मणक्यात आणि खुब्यात पसरलेला. बायोप्सी झाली आणि डॉक्टर म्हणाले, जनुकांचा रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर किमो सुरू करायची नाही. वेदनेचं औषध आणि हाडांचं इंजेक्शन तेवढं चालू ठेवू. घरात एकच गदारोळ. पुण्याचे काका फोनवर ओरडत होते, "इतके दिवस नुसतं बसून राहायचं? उद्याच्या उद्या सुरू करा, नाहीतर दुसरीकडे हलवा." मावसभाऊ पार भांबावून गेला होता.

डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं, ते इथे लिहितो, कारण ते अनेकांच्या कामी येईल. फुप्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमा प्रकारात आपल्याकडे साधारण चौघांपैकी एकाच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडतो. न ओढणाऱ्यांत आणि बायकांत जास्त. तो बदल असेल तर नेमकी त्यावरच काम करणारी गोळी किमोपेक्षा सरस ठरते. पण तो नसताना तीच गोळी दिली तर रुग्णाचं नुकसान होतं. २००९ साली आशियातल्या रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासात हे दोन्ही दिसलं: बदल असलेल्यांना गेफिटिनिब या अशाच गोळीने किमोपेक्षा जास्त काळ आजार आटोक्यात राहिला, बदल नसलेल्यांत नेमकं उलट झालं. आणखी एक गोष्ट. घाईने आधी इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) दिली आणि नंतर ऑसिमर्टिनिबची, म्हणजे ईजीएफआरवरचीच दुसरी गोळी सुरू करायची वेळ आली, तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. म्हणजे ते थांबणं हाही उपचाराचाच भाग होता. डॉक्टर असंही म्हणाले, की पेशंटला दम लागत असता, प्रकृती झपाट्याने ढासळत असती, तर मी थांबलो नसतो, किमो लावली असती. रिपोर्ट आला, बदल सापडला, गोळी सुरू झाली. मावशी आता स्वतः उठून चहा करते.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते वेगळं. मावसबहिणीने एक साधी वही केली होती. मावशी किती वाजता उठली, आंघोळ स्वतः केली की धरून, दिवसा किती वेळ पडून होती, दुखणं रात्री किती आणि सकाळी किती, संडासला झालं का. डॉक्टरांनी पेट स्कॅनची सीडी बाजूला ठेवून आधी ती वही वाचली. "पेशंटची केस आम्ही ट्यूमर बोर्डात मांडतो तेव्हा मला विचारतात, परफॉर्मन्स स्टेटस काय, म्हणजे पेशंट रोजचं किती करू शकतो? याचं उत्तर तुमच्या घरात आहे, स्कॅनमध्ये नाही," असं ते म्हणाले.

ट्यूमर बोर्ड म्हणजे सर्जन, किमोवाले, रेडिएशनवाले, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट आणि जिथे असतील तिथे वेदनाशमनवाले एका टेबलाशी बसून एकेक केस ठरवतात. एका डॉक्टरचं आवडतं औषध रुग्णाच्या गळ्यात पडण्याची शक्यता त्याने कमी होते. माझं म्हणणं असं, की आपल्या पेशंटची केस बोर्डात मांडली का हे विचारावं आणि काय ठरलं ते फाइलमध्ये लिहून मागावं. याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. उलट घाई करणाऱ्या नातेवाइकांना दाखवायला त्यांच्याही हातात कागद येतो.

तुमचे अनुभव लिहा. इथल्या डॉक्टर मंडळींनीही लिहावं.

पिंपळगावचा_बागायतदार

चांगला विषय काढला भाऊ. आमच्या अण्णांचं सांगतो. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, लिव्हरला पसरलेला. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी विचारलं, "अण्णा, हाताने काय काम करता?" आम्हाला वाटलं गप्पा मारताहेत. अण्णा म्हणाले, "द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी मी स्वतः करतो, मजुरांवर सोडत नाही."

मग डॉक्टरांनी सांगितलं, किमोच्या दोन जोड्या आहेत आणि पहिली कोणती द्यावी याने एकूण आयुष्यात फारसा फरक पडत नाही. एकीत ऑक्सॅलिप्लाटिन असतं. त्याने हातापायाची बोटं बधिर होतात, गार पाण्याला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि ते महिनोन्महिने टिकू शकतं. दुसरीत आयरिनोटेकन, त्याने जुलाब जास्त होतात, केस जातात. "कात्री धरता यायला हवी असेल तर दुसरीने सुरुवात करू." अण्णांनी दुसरी निवडली. जुलाबांनी हैराण झाले, खोटं कशाला सांगू. दोनदा सलाईन लावायला लागलं. पण छाटणीला बागेत उभे होते, कात्री त्यांच्याच हातात. प्रत्येक काडीवर किती डोळे ठेवायचे हे मजुरांना ओरडून सांगत होते.

आता अण्णांनी बागेचं सांगितलंच नसतं तर डॉक्टरांना कसं कळणार? आपली माणसं डॉक्टरसमोर "तुम्ही म्हणाल तसं साहेब" म्हणून मोकळी होतात. डॉक्टरला काय माहीत तुम्हाला काय पाहिजे ते.

ऑन्को_नाशिक

मी नाशिकमध्येच मेडिकल ऑन्कोलॉजी करतो. वरचे दोन्ही अनुभव वाचून बरं वाटलं. अण्णांच्या डॉक्टरांनी केलं ते अगदी बरोबर. दोन उपचार तुल्यबळ असतात तेव्हा पारडं कुठे झुकवायचं हे रुग्णाच्या आयुष्यावरून ठरावं.

परफॉर्मन्स स्टेटसबद्दल थोडं. आम्ही ० ते ४ अशी श्रेणी वापरतो. ० म्हणजे पूर्वीसारखा धडधाकट. १ म्हणजे जड काम जमत नाही, हलकं जमतं. २ म्हणजे स्वतःचं स्वतः करतो, कामधंदा नाही, पण जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ उठून-फिरून असतो. ३ म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ खाटेवर किंवा खुर्चीत. ४ म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला. किमो झेपेल की घात करेल, हे बऱ्याच अंशी यावर ठरतं. आणि नेमकं इथेच आम्हाला खरं सांगत नाहीत. "एकदम ठीक आहेत, चालतात-फिरतात." का, तर खरं सांगितलं तर डॉक्टर उपचार नाकारतील ही भीती. मी सांगत असतो, पेशंट ३ वर असताना मला १ सांगाल तर मी पूर्ण डोस देईन आणि चार दिवसांनी तुम्ही त्यांना आयसीयूत आणाल. रुग्णाच्या मागे उभी असलेली बायको अनेकदा मान हलवून "नाही" म्हणत असते. मी तिच्याकडे बघून विचारतो.

दुसरं लपवतात ते काढे आणि चूर्णं. गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात नोंदवले आहेत. रक्ताच्या रिपोर्टमध्ये यकृताचे आकडे चढले की मी माझं औषध थांबवतो. दोष काढ्याचा असेल तर चांगलं चाललेलं औषध फुकट बंद होतं. मी रागावणार नाही, फक्त सांगा. मधुमेहाच्या, बीपीच्या गोळ्यांचीही पाकिटं पिशवीत घालून आणा. "पांढरी छोटी गोळी" यावरून काही कळत नाही.

तिसरं, पैसा. ही बाब लाजेने शेवटपर्यंत दाबली जाते. दोन डोस झाल्यावर शेत गहाण पडतं आणि उपचार अर्धवट सुटतो. आधी कळलं तर वेगळा रस्ता आखता येतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला पहिल्या दिवशीच विचारा. आणि स्वस्त म्हणजे हलकं असं नसतं. तोंड-घशाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरवर टाटा मेमोरियलने केलेला अभ्यास बघा: मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब या तोंडाने घ्यायच्या औषधांना निव्होलुमॅब या महागड्या इम्युनोथेरपीचा अगदी छोटा, २० मिलिग्रॅमचा डोस दर तीन आठवड्यांनी जोडला, तर एक वर्षानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. नेहमीचा डोस याच्या कितीतरी पट असतो. आपल्या देशातल्या रुग्णांच्या खिशाचा विचार करून हा अभ्यास आखला गेला, याचा मला फार अभिमान वाटतो.

कॉलेजरोड

डॉक्टरसाहेब, आदर राखून लिहितो. सगळेच असे नसतात. माझे मेहुणे गेले तेव्हा शेवटचे दिवस व्हेंटिलेटरवर होते. पोटात पाणी, कावीळ, शुद्ध अर्धवट, तरी आदल्या आठवड्यात किमोची नवी लाइन (आधीची औषधं थकल्यावर द्यायची पुढची औषधं) सुरू केली होती. शहराचं आणि हॉस्पिटलचं नाव घेत नाही. बहीण विचारत होती, याने काय होईल? उत्तर एकच: "प्रयत्न करायला हवा." बिलाचा आकडा आजही तिच्या डोक्यावर आहे. असल्या निर्णयाच्या पाठीशी आम्ही का उभं राहायचं?

ऑन्को_नाशिक

राहू नका. तुमच्या बहिणीचा प्रश्न रास्त होता आणि तिला सरळ उत्तर मिळायला हवं होतं.

२०१९ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिडने, म्हणजे टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने एकत्र आलेल्या देशभरच्या कॅन्सर केंद्रांनी, भारतात टाळाव्यात अशा दहा गोष्टी जाहीर केल्या. त्यात स्पष्ट आहे की पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णाला आयसीयूत ठेवू नये, अपवाद फक्त सुधारू शकेल अशा तातडीच्या कारणाचा. उदाहरणार्थ किमोनंतर पांढऱ्या पेशी घसरून जंतुसंसर्ग झाला, तर आयसीयू योग्यच आहे, त्यातून माणूस बाहेर येतो. पण कॅन्सरनेच यकृत निकामी होत आलं असेल तर मशीन काय करणार?

एक मात्र मोकळेपणाने सांगतो. पुष्कळदा दबाव घरूनच असतो. मी "आता थांबू" म्हणालो की अमेरिकेतला मुलगा व्हिडिओ कॉलवर येतो आणि "काहीतरी कराच" म्हणतो. तिथे डॉक्टर एकटा पडतो. अशा वेळी रोज सेवा करणाऱ्या माणसाने उभं राहून "डॉक्टर बरोबर सांगताहेत" एवढं म्हटलं तरी रुग्णाची सुटका होते. डॉक्टरला साथ द्यायची ती खरं तर इथे.

नवी लाइन सुचवली की विचारा: याने आयुष्य वाढेल की त्रास कमी होईल, की दोन्ही नाही? किती दिवसांनी तपासून ठरवणार? आणि न घेतल्यास काय काळजी घ्याल? या शेवटच्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याच्याकडून दुसरं मत घ्यायला निघा.

सिस्टर_ताई

मी निवृत्त परिचारिका, बरीच वर्षं कॅन्सर वॉर्डात काढली. "न घेतल्यास काय" यावर मी लिहिते.

पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी काळजी, हे हात वर करणं आहे असं लोकांना वाटतं. तसं नाही हो. २०१० मध्ये अमेरिकेत फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या रुग्णांवर अभ्यास झाला. ज्यांना पहिल्यापासून किमोच्या जोडीला पॅलिएटिव्ह टीम मिळाली, त्यांना शेवटी-शेवटी आक्रमक उपचार कमी झाले, आणि तरी ते जास्त जगले: मध्यक (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) ११.६ महिने, बाकीच्यांचा ८.९. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन्ही मागा.

मॉर्फिनची भीती काढून टाका. घरचे गोळ्या लपवून ठेवतात, "सवय लागेल" म्हणून, आणि माणूस रात्रभर कण्हत असतो. मी असे किती पाहिलेत! साधी गोळी चार-चार तासांनी घड्याळ लावून द्यायची असते, दुखायची वाट बघायची नाही. सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर ही गोळी मिळणं सोपं करायचा प्रयत्न झालाय, पण गल्लीतल्या मेडिकलवर मिळणार नाही. तुमच्या डॉक्टरांनाच विचारा कुठे मिळते.

हाडाच्या दुखण्याला रेडिएशनचा एकच डोस, ८ ग्रेचा (ग्रे हे रेडिएशनचं माप), बहुतेकांना दहा दिवसांच्या कोर्सइतकाच आराम देतो. पुढे परत द्यावा लागण्याची शक्यता थोडी जास्त. पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या माणसाला दहा फेऱ्या की एक, हा साधा प्रश्न नाही. आमचं गाव लांब आहे एवढं डॉक्टरांना सांगा.

आणि हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा: मणक्यात पसरलेल्या माणसाच्या पायातली ताकद अचानक गेली, लघवी अडली, पाठ जास्तच दुखायला लागली, तर सकाळची ओपीडी बघू नका. त्याच रात्री न्या. मज्जारज्जूवर दाब आला तर वेळेत स्टिरॉइड आणि रेडिएशन (कधी ऑपरेशन) मिळालं तरच पाय वाचतात.

सॉफ्टवेअरवाला_अंबड

आजकाल लोक रिपोर्ट एआय चॅटमध्ये टाकून डॉक्टरांना "हे औषध का नाही दिलं" विचारतात. मीही याच क्षेत्रातला, म्हणून लिहितो. आयबीएमच्या वॉटसनचं, म्हणजे कॅन्सरचे उपचार सुचवणाऱ्या संगणक प्रणालीचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगच्या डॉक्टरांनी तो शिकवला होता. आपल्याकडे बंगळूरच्या मणिपालमध्ये ६३८ स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर त्याचा सल्ला आणि तिथल्या ट्यूमर बोर्डाचा निर्णय ९३ टक्के जुळला होता. पण जुळणं आणि रुग्णाचं भलं होणं या दोन गोष्टी आहेत. पुढे २०१८ मध्ये त्याच्या असुरक्षित सल्ल्यांच्या बातम्या आल्या, त्याचं शिक्षण बरंचसं कल्पित केसेसवर झालं होतं हेही बाहेर आलं, आणि ते उत्पादन बंद पडलं.

माझ्या सासऱ्यांच्या वेळी मी मशीनचा उपयोग एवढाच केला: रिपोर्टमधले शब्द समजून घेणं आणि प्रश्नांची यादी करणं. निर्णय नाही. अण्णांच्या हातातली छाटणीची कात्री कुठल्याही रिपोर्टमध्ये छापलेली नसते.

निफाडची_लेक

माझ्या आईला स्तनाचा कॅन्सर आहे, फुप्फुसात पसरलाय. डॉक्टर ऑपरेशनच करत नाहीत. मूळ गाठ काढली तर बरं नाही का होणार? रोज ती गाठ हाताला लागते आणि ती रडते.

ऑन्को_नाशिक

ताई, तुमची तगमग समजते. हाच प्रश्न टाटा मेमोरियलने ३५० बायकांवर तपासला, २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले. औषधाला प्रतिसाद मिळाल्यावर गाठ काढलेल्यांचं आणि न काढलेल्यांचं आयुष्य जवळपास सारखंच: १९.२ आणि २०.५ महिने. म्हणून नियम म्हणून काढत नाहीत. मात्र गाठ फुटून जखम झाली, रक्त येऊ लागलं, वास येऊ लागला, तर त्रास कमी करायला ऑपरेशन किंवा रेडिएशन देता येतं. आई गाठीला हात लावून रडते हेही डॉक्टरांना सांगा. गाठीवरच्या हार्मोन आणि हर-टू (एक प्रथिन) या तपासण्यांचे रिपोर्ट काय आहेत ते नक्की विचारा, आजची औषधं त्यांवर ठरतात. ती आकडेवारी जुन्या काळातली आहे, योग्य औषध लागू पडलं तर आज पुष्कळ जणी त्याहून बऱ्याच जास्त जगतात.

कॉलेजरोड

सिस्टर आणि डॉक्टर, दोघांचेही आभार. बहिणीला हे वाचून दाखवलं. एक विचारतो, रुग्णाला खरं सांगायचं की नाही? आमच्याकडे मेहुण्यांना शेवटपर्यंत "अल्सर आहे" असंच सांगितलं.

मखमलाबादकर

मावशीच्या डॉक्टरांनी तिलाच विचारलं, "तुम्हाला सगळं ऐकायचंय, की थोडं मला आणि थोडं मुलांना राहू दे?" ती म्हणाली, मला सांगा. मग तिने स्वतःच ठरवलं की शेवटी नळ्या नकोत. ज्यांना हे लिहून ठेवायचंय त्यांच्यासाठी: सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शेवटच्या उपचारांबद्दलच्या अशा इच्छापत्राला (लिव्हिंग विल) मान्यता दिली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकन पुरतं. रुग्णाला "अल्सर" सांगितलं असेल तर हे कोणी, कधी करायचं?

देवळाली_कॅम्प

दुसरं मत घ्यायचं ठरलं तर काय-काय न्यायचं? वडिलांना घेऊन पंचवटीने दादर, तिथून परळचं टाटा, हा प्रवास त्यांना झेपेल असं वाटत नाही.

ऑन्को_नाशिक

पेशंटला न नेताही चालतं. टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' या सेवेतून घरबसल्या मागवता येतं, रिपोर्ट अपलोड करायचे. आलेलं मत तुमच्या इथल्या डॉक्टरांना दाखवा, लपवू नका. उपचार शेवटी त्यांनाच करायचेत. माझे पेशंट असं मत आणतात तेव्हा मला निर्णयाला आधारच मिळतो.

मायक्रोटोम

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. वर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. नुसते कागद पुरत नाहीत. मुंबईला परत तपासायचं झालं तर बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड लागतात. ज्या लॅबमध्ये पहिली तपासणी झाली तिथे अर्ज करा, मिळतात. कोणता ब्लॉक नंबर दिला त्याची पावती घ्या आणि काम झाल्यावर तो परत मागून घ्या. पुढे नवीन तपासणी निघाली तर तोच लागतो.

बायोप्सी व्हायची असेल तर आधीच विचारा, जनुकांच्या तपासणीपुरता तुकडा निघेल का. हाडातला तुकडा कापण्याआधी आम्लात मऊ करावा लागतो, त्यात डीएनए खराब होतो. शक्य असेल तर दुसऱ्या जागेचा घेतात, नाहीतर लॅबला आधी कळवलं तर ईडीटीए हे सौम्य रसायन वापरून हळूहळू मऊ करता येतो. तुकडा पुरलाच नाही तर रक्तातूनही काही बदल शोधता येतात.

देवळाली_कॅम्प

धन्यवाद. ब्लॉक कुरिअरने पाठवू की भावाकडे गाडीतून?

मायक्रोटोम

भावाकडे द्या. फक्त एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण मऊ पडतं. स्लाइड मिळाल्या तर प्लास्टिकच्या स्लाइड बॉक्समध्ये, रुमालात गुंडाळून नको. आणि निघण्यापूर्वी रिपोर्टवरचा नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी ताडून बघा.